मिरीच्या दाण्याएवढा चंद्र

।। श्री ।।

मानसरोवर, जयपूर
दि. २० ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कुशल विचारण्याआधी एक कोडे घालतो. उगवताना परातीएवढा दिसणारा चंद्र पाच-सहा तासांनी डोक्यावर आला की वाटीएवढा का होतो? अंबाजोगाईच्या गच्चीवरून तूही हे पाहिले असशील. चंद्र तोच, रात्र तीच. मग मधल्या वेळात त्याचे काय झाले?

क्रमाने पाहू. उगवताना तो आपल्याला जवळ असतो काय? नाही. उलट डोक्यावरचा चंद्रच आपल्याला पृथ्वीच्या निम्म्या जाडीएवढा जवळ असतो. मग क्षितिजाजवळची दाट हवा त्याला फुगवते काय? तीही नाही. हवा त्याला तांबूस करते, किंचित चपटा करते, पण मोठा करीत नाही. आता मोजमाप घेऊ. मिरीचा एक दाणा चिमटीत धर, हात पुरता ताण आणि एक डोळा मीट. उगवता चंद्र त्या दाण्याआड लपतो. डोक्यावरचाही त्याच दाण्याआड लपतो. म्हणजे चंद्र बदलत नाही, आपले पाहणे बदलते. खाली त्याच्या शेजारी घरे, झाडे, पाण्याच्या टाक्या असतात आणि मन त्याला त्यांच्याशी ताडून पाहते. हे नेमके कसे घडते याबद्दल जाणकारांचे अजून पूर्ण एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

हा प्रश्न मला कोणी विचारला असेल? प्रतिमेने. कोजागरीला, गच्चीवर, हातात दुधाचा पेला धरून. तुला माहीतच आहे, मी शाळेत तेहतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि घरी एकेचाळीस. घरचा वर्ग कायम कोथिंबीर निवडत बसलेला असे. पण गेल्या दोन वर्षांत ती आपण होऊन विचारू लागली आहे. तिचा प्रत्येक प्रश्न मी तारखेसह रोजनिशीत टिपून ठेवतो. अठरा झाले. कोजागरीला तर तिने लागोपाठ दोन विचारले. ज्याला क्षितिज दिसतच नाही, त्याने हे कसे पडताळायचे, हा दुसरा. असा माणूस पृथ्वीवर नसतो, असे मी म्हणालो. त्यावर ती पेले गोळा करू लागली.

आता दुसरे वर्तमान. येथील तुरुंगात नागनाथ नावाचा औंढ्याकडचा एक माणूस आहे. त्याला फाशीची शिक्षा झाली आहे. तुरुंगात येणारे-जाणारे प्रत्येक पत्र अधिकारी वाचतात. नागनाथची पत्रे मराठीत. अक्षरे त्यांना लागतात, मजकूर पुरता कळत नाही, म्हणून ती महिनोन्‌महिने अडून राहत. त्यांनी येथील आपल्या महाराष्ट्र मंडळाकडे कोणी मराठी वाचणारे मागितले आणि प्रतिमेने हात वर केला. हिंदीत सारांश लिहून खाली सही करायची, एवढेच काम होते. त्याला उत्तरे लिही असे तिला कोणी सांगितले नव्हते.

आता ती त्याला नऊ-नऊ पाने लिहिते, पाठपोट. मी निवृत्त झालो त्या दिवशी तिने मला दिलेल्या कार्डावर दोन ओळी होत्या, त्यातली एक छापील. त्याच्या दयेच्या अर्जासाठी सह्या गोळा करीत ती दुर्गापुऱ्यापासून खातीपुऱ्यापर्यंत हिंडते. त्याला तिळाची चटणी आवडते हे तिला ठाऊक आहे. माझा स्वेटर मात्र तीन हिवाळे एका बाहीवाचून पडला आहे. मला मत्सर वाटतो असे समजू नकोस. मी केवळ निरीक्षण नोंदवतो.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेव. हल्ली इकडे तो थोडा कमी पडतो.

तुझा,
नंदकिशोर


।। श्री ।।

अंबाजोगाई
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. नंदकिशोरास अनेक आशीर्वाद.

काल भाऊबीज झाली. दरवर्षीप्रमाणे चंद्राला ओवाळले आणि तो तूच आहेस असे समजले. बीजेची कोर असल्यामुळे मिरीचा प्रयोग करता आला नाही. पौर्णिमा आली की करीन. हात थरथरतो, तेव्हा दाण्याऐवजी सुपारी लागेल असे वाटते.

माझे कान गेले म्हणून तू फोन सोडून पत्रे लिहितोस, हे बरेच झाले. फोनवर तू मला फसवू शकला असतास. तुझे पत्र मी दोनदा वाचले. चंद्राचे विवेचन पानभर आहे आणि नीट आहे. नागनाथचा मजकूरही पानभर आहे, पण तेथे तुझे अक्षर उजवीकडे कलले आहे. लहानपणी माझ्या वाट्याचा कडबोळ्यांचा डबा मोठा आहे अशी वडिलांकडे लेखी तक्रार केलीस, तेव्हाही ते असेच कलले होते. तेव्हाही तू निरीक्षणच नोंदवत होतास.

बाहीवाचून पडलेला स्वेटर तू लिहिलास, चटणी लिहिलीस, पानांची मोजदाद लिहिलीस. त्या माणसाने काय केले, अर्जाचे काय झाले, त्याला खरोखरच फाशी देणार आहेत का, यातले एक अक्षर लिहिले नाहीस. विज्ञान शिकवणाऱ्याकडून एवढी गळती मला अपेक्षित नव्हती.

प्रतिमेच्या डोळ्यांचे शस्त्रकर्म कधी ठरले ते कळव. तब्येतीला जप आणि माझ्या बोलण्याचा राग फार तर आठवडाभर धर.

तुझी,
विनयाताई


।। श्री ।।

मानसरोवर, जयपूर
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्संना,
सा. न. वि. वि.

परवा माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे शस्त्रकर्म आहे. नंतर तीन आठवडे वाचायचे-लिहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणून आजच हे लिहिते. तुमच्या पत्रातले प्रश्न यांनी मला वाचून दाखवले आणि उत्तर द्यायचे तेवढे टाळले. ते मी देते.

नागनाथ येथे दगडाच्या खाणीवर कामाला होता. त्याचा धाकटा भाऊ दोर तुटून खाली पडला आणि गेला. मुकादमाने मुद्दामच कुजका दोर दिला, असे नागनाथच्या मनाने घेतले. त्याने मुकादमाच्या खोपटाला आग लावली. आत मुकादम होता आणि त्याचा मेहुणाही होता. दोघेही गेले. तो निर्दोष आहे असे मी कुठेही म्हणत नाही, वन्सं; सह्या मागतानाही म्हणत नाही. काही दारे त्यामुळे तोंडावर बंद होतात. मी एवढेच म्हणते की आज त्या कोठडीत बसलेला माणूस आग लावणाराच राहिलेला नाही.

सगळ्या न्यायालयांत हरला. राज्यपालांकडचा अर्ज फेटाळला गेला. राष्ट्रपतींकडचा तेवढा शिल्लक आहे, आणि तोही गेला तर पुढे काही उरत नाही. कस्तुरी म्हणून आपल्याकडचीच, पण इकडे वाढल्याने मराठी वाचता न येणारी एक तरुण वकील हे काम पाहते. तिला ३० नोव्हेंबरपर्यंत अर्जाला पुरवणी जोडायची आहे. त्याची एकतीस पत्रे आणि मी दिलेल्या उत्तरांच्या प्रती तारीखवार लावून, माणूस कसकसा बदलत गेला ते दाखवणारा तक्ता हवा आहे. असा तक्ता यांच्याइतका नेटका कोण करील? कस्तुरीने मराठी वाचणारे दुसरे कोणी शोधले, पण कुणालाच वेळ नाही.

मी यांना विचारले. यांनी गठ्ठा सुटकेसमध्ये घातला, सुटकेस माळ्यावर ठेवली आणि गुडघा दुखतो असे सांगितले. गुडघा दुखत असताना माळ्यावर कसे चढलात, असे मी विचारले नाही. यांना काय होते आहे ते मला दिसते. मोतीबिंदू असला तरी दिसते.

त्या गठ्ठ्यात यांना न आवडणारे एक आहे. आवडणारेही आहे. दोन्ही मला माझ्या तोंडून सांगवत नाहीत; त्यांनीच वाचायला हवे. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, म्हणून हा त्रास देते. या पत्राला उत्तर मला लिहू नका, त्यांना लिहा.

थोरल्यांची माया अशीच पाठीशी राहावी.

तुमची,
प्रतिमा


।। श्री ।।

अंबाजोगाई
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. नंदकिशोरास अनेक आशीर्वाद.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे, त्यावरून काय ते समज.

चाळीस वर्षे मी तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. तुझे लग्न होण्याआधी तू मला दर पंधरवड्याला आठ पाने लिहीत असस. आरशात डावे-उजवे का होते, दुधावर साय का धरते, सगळे. लग्नानंतर चार पाने झाली, मग पत्राच्या शेवटी प्रतिमेचा नमस्कार येऊ लागला. त्या एका नमस्काराचाही मला राग यायचा. दुसऱ्या वर्षी एक पाकीट आले, त्यावर तुझे अक्षर नव्हते, तिचे होते. आता भावाचे पत्रही बायकोच लिहिणार, असे म्हणून मी ते फडताळात टाकले. पंधरा दिवसांनी फोडले. तुला विषमज्वर झाला होता, ती परक्या गावात एकटी होती, आणि मी चार दिवसांसाठी यावे असे तिने लिहिले होते.

मी आले तेव्हा तू उठून बसू लागला होतास. पत्र उशिरा मिळाले असे मी सांगितले. तिने पाकिटावरचा शिक्का पाहिला होता. तिने तुला काहीच सांगितले नाही, आजतागायत नाही. तू वाचलास म्हणून मी ही गोष्ट लिहू शकते.

माळ्यावर आज जे पडले आहे त्यात ज्याचा जीव अडकला आहे, तो तुझा कोणी नव्हे, हे मला मान्य. तुझा मत्सरही मी तुला सोडायला सांगत नाही. तो मला कुठे सुटला होता? तो बरोबर घे आणि शिडी लाव.

गुडघ्याला तीळतेल चोळ, खरोखर दुखत असेल तर.

तुझी,
विनयाताई


।। श्री ।।

मानसरोवर, जयपूर
दि. १ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले त्याच दुपारी सुटकेस उतरवली. तुझ्या त्या पंधरा दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. प्रतिमेला विचारले, तर डोळ्यावरची पट्टी सावरत ती म्हणाली की वन्संनी तेव्हा आल्याबरोबर तीन रात्री माझ्याऐवजी जागून काढल्या, एवढे मला आठवते. विषय तेथेच संपला.

आता गठ्ठ्याचे. मी चार रकाने आखले: क्रमांक, दिनांक, पत्रातील विषय, शेरा. पहिली सहा पत्रे एकसारखीच. मला झोप नाही, मला अन्न गोड लागत नाही, माझ्यावर अन्याय झाला. खोपटाला तो ‘ते प्रकरण’ म्हणतो. शेऱ्याच्या रकान्यात मी ‘केवळ स्वतःविषयी’ असे सहा वेळा लिहिले. समाधानाने लिहिले, हे कबूल करतो.

सातव्या पत्रात त्याने विचारले होते की पहाटे कोठडीचा लोखंडी गज बर्फासारखा लागतो आणि त्याच कोठडीतली लाकडी फळी तशी लागत नाही, हे कसे? मी लेखणी खाली ठेवली. हा प्रश्न मला ओळखीचा होता. रोजनिशी काढली. बरोबर पाच दिवसांनंतरची नोंद: प्रतिमेने आज आपण होऊन विचारले की स्टीलची वाटी गार आणि पोळपाट तसा का नाही. मी दोन्ही तिच्या गालांना लावून समजावले होते. दोन्ही सारखेच थंड असतात. धातू हाताची ऊब भराभर ओढून घेतो, लाकूड सावकाश. हात तापमान सांगत नाही, ऊब किती वेगाने जाते ते सांगतो. त्या दिवशी मी इतका आनंदात होतो की संध्याकाळी जिलेबी आणली होती.

मग मी तक्त्याला पाचवा रकाना जोडला: रोजनिशीतील दिनांक. पंखा कधी कधी उलटा फिरताना का दिसतो? त्याचा. तापलेल्या रस्त्यावर पाणी का भासते? त्याचा. उगवता चंद्र मोठा का? त्याचाच. ‘आमच्या शिवारात जोंधळ्यावर चंद्र यायचा तो सुपाएवढा. इथं खिडकी उंच आहे, त्यात तो येतो तेव्हा लहानच असतो. अकरा वर्षांत मोठा चंद्र पाहिला नाही. वयानं तो बारीक होतो का?’ असे त्याने लिहिले होते. ताई, सतरा प्रश्न. माझ्या बायकोला उतारवयात माझ्या विषयाची गोडी लागली असे मी दोन वर्षे समजत होतो, आणि सतराही प्रश्न त्याचे निघाले. नऊ पानांबद्दल मला वाटत होता तो मत्सर याच्यापुढे काहीच नव्हता. मी तक्ता मिटला आणि मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाऊन आलो. गुडघा दुखला नाही.

परत आल्यावर तिची उत्तरे उघडली. ती वाचावीत की नाही यावर मी चहा थंड होईपर्यंत विचार केला. पहिल्याच उत्तराची सुरुवात अशी: ‘यांनी सांगितले ते जसेच्या तसे लिहिते.’ मग वाटी, पोळपाट, गाल. माझे ‘थांब, आता पुढची पायरी’सुद्धा. मी चष्मा कपाळावर केव्हा सरकवला, तेही कंसात. नऊ पानांत तिच्या स्वतःच्या ओळी पाच-सहाच. बाकी सगळा मीच होतो. एके ठिकाणी नागनाथ लिहितो की मागच्या पत्रात साहेबांनी चष्मा वर केल्याचे नव्हते, त्यांची तब्येत बरी आहे ना.

गजाच्या उत्तरानंतरचे त्याचे पत्र तसेच उतरवतो: ‘ताई, लोखंड गार नसतं, माझा हात ते गार आहे असं सांगतो. सात दिवस मी रोज गजाला आणि फळीला हात लावून पाहिला. त्या दिवशी माझ्या डोक्यानंही मला असंच काही सांगितलं आणि मी ते तपासलं नाही. दोर नुसता जुना होता. किसनलाल आणि रामधन गेले.’ मेलेल्या दोघांची नावे त्याने येथे प्रथम लिहिली. पुढच्या प्रत्येक पत्रात ती आहेत. रामधनची मुलगी आता कितवीत असेल, हेही तो विचारतो. शेऱ्याच्या रकान्यात मी काय लिहावे? तो कोरा ठेवला. मग तारीख तेवढी अधोरेखित केली.

तक्ता परवा, २९ तारखेला, कस्तुरीच्या हाती दिला. ते पत्र पुरवणीच्या पहिल्या पानावर लावते असे ती म्हणाली, आणि मला ‘काका, आधी कुठे होतात?’ असे विचारले. माळ्यावर, असे उत्तर मी दिले नाही.

प्रतिमेशी भांडलो, हे तुला कळायला हवे. प्रश्न त्याचे आहेत हे लपवलेस का, असे विचारले. ती म्हणाली, कैद्याचा प्रश्न म्हटले असते तर तुम्ही दोन ओळींत उरकले असते; माझा म्हटल्यावर जिलेबी आली. मग मी रोजनिशी दाखवली. माझ्याकडे अठरा नोंदी आहेत आणि पत्रांत सतरा. हिशेब जुळत नव्हता. अठरावा कोणता, असे तिनेच विचारले. ज्याला क्षितिज दिसत नाही त्याने कसे पडताळायचे, हा. तो माझा, असे ती म्हणाली.

त्या एकाचे उत्तर मी दिलेले नाही.

अर्जाचे काही कळले की लिहीन. तोवर तुझ्या लोभातला जुना, आठ पानी वाटा मला परत लागू करावा.

तुझा,
नंदकिशोर


।। श्री ।।

मानसरोवर, जयपूर
दि. १ जून २०२५

श्री. नागनाथ यांस,
स. न. वि. वि.

फाशी रद्द होऊन जन्मठेप झाल्याचे कस्तुरीने गुरुवारी दुपारी सांगितले. प्रतिमा तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवले, आत जाऊन तोंड धुतले आणि परत येऊन तेच तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडले. आमच्या अंबाजोगाईच्या ताईंना मी तार केल्यासारखे तीन शब्दांचे पत्र टाकले आहे. किसनलाल आणि रामधन यांच्या घरी ही बातमी कशी पोचली असेल, याचाही विचार त्या दिवशी आमच्याकडे झाला. तुम्हीही केला असेल.

तुम्हाला मी लिहिलेले हे पहिले पत्र आहे. माझे बोलणे तुम्ही दोन वर्षे वाचत आला आहात, तेव्हा ओळख करून देत नाही. एक मात्र स्पष्ट सांगतो. तुमचा मला मत्सर वाटत असे आणि अजूनही थोडा वाटतो. तुमचे पाकीट आले की वर्तमानपत्र बाजूला पडते. म्हणून यापुढे प्रश्न थेट माझ्या नावाने पाठवावेत. हे प्रतिमेला सांगितले, तर ती एकाएकी गंभीर झाली आणि मग मी काय लिहायचे, असे तिने विचारले. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मला शोभणारा नव्हता. स्वेटरची बाही मात्र याच आठवड्यात सुरू झाली आहे, भर जूनमध्ये.

आता काम. तुम्हाला एकांत कोठडीतून बरॅकीत हलवले असून तिच्या पूर्वेस मोकळे अंगण आहे, भिंतीपलीकडे निंबाची झाडे आहेत, असे कस्तुरी म्हणते. पौर्णिमा ११ तारखेला आहे. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी चंद्र सूर्य मावळण्यापूर्वीच उगवतो. म्हणून सोमवारी, ९ तारखेला, बंदीची वेळ होण्याआधी पूर्वेच्या भिंतीकडे पाहावे. चंद्र फिकट असेल, पण झाडांना टेकलेला असेल. तो मोठा दिसतो की नाही ते प्रथम नुसत्या डोळ्यांनी ठरवावे. घाई करू नये.

मग हेच पत्र गुंडाळून बोटभर रुंद नळी करावी, एक डोळा मिटावा आणि नळीतून फक्त चंद्र पाहावा; झाड नको, भिंत नको. तो एकदम लहान होईल. तो तुमच्या जुन्या खिडकीतला चंद्र. क्षितिज न दिसणाऱ्याला जो दिसतो तो हाच, हे एका व्यक्तीला कोजागरीपासून सांगायचे राहिले होते. आमच्या गच्चीवरून तीही त्याच वेळी नळी धरून उभी असेल.

आणि तो लहान झाला याची खात्री पटली, की नळी डोळ्यावरून काढावी.

आपला,
नंदकिशोर